चाखणकरांची जीभ

त्या जुन्या विद्यापीठाच्या शहरात पाहण्यासारखं इतकं होतं, की तिथे राहणाऱ्यांनी ते पाहायचं कधीच सोडून दिलं होतं. दगडी कमानी होत्या, ग्रंथालयाचा घुमट होता, वेधशाळेचा गोल जिना होता, नदीवरचे पूल होते, वनस्पतींची बाग होती. शरीरशास्त्राचं एक उंच सभागृह होतं, तिथे पूर्वी विद्यार्थी कठड्यावरून वाकून मृतदेहाची चिरफाड बघायचे आणि घेरी येऊन एकमेकांच्या अंगावर पडायचे. बाहेरगावच्या माणसांनी यावं, माना वर करकरून हे सगळं बघावं, आणि पोटात कावळे ओरडायला लागले की कुठे जावं, हे सांगणारं एक पुस्तक दर दोन वर्षांनी निघायचं. त्या पुस्तकासाठी शहरभर हिंडून, बघून आणि खाऊन येणारा माणूस म्हणजे चाखणकर. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कचेरीत कुणीतरी गमतीने ठेवलं, आणि असं चिकटलं की पुढे पगाराच्या पाकिटावरसुद्धा तेच यायला लागलं.

पन्नाशी उलटली तसा चाखणकर थकला. एखादी रजा घेऊन, ताणून झोपून भागेल असा तो थकवा नव्हता. सकाळी बूट चढवतानाच त्याला संध्याकाळी ते काढायचे वेध लागायचे. कमानीपासून ग्रंथालय किती मिनिटांवर, ग्रंथालयापासून बाग किती मिनिटांवर, हे तो स्वतः चालून बघून लिहायचा. त्यामुळे त्याचा गुडघा धरल्यापासून शहर दर आवृत्तीला थोडं थोडं वाढत चाललं होतं. तरुण पाहुणे बागेत वेळेआधीच पोचून म्हणायचे, अरेच्चा, आलंसुद्धा. संपादिकाबाईंना वाटायचं, चाखणकर वाचकांना खूश करायला मुद्दाम वाढवून लिहितो. त्याने तो गैरसमज राहू दिला.

पण गुडघ्याचं दुखणं परवडलं. खरं दुखणं तोंडात होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना नाकातला वास आणि जिभेवरची चव बरोबर घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ती काही आली नाही. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, मासा म्हणजे ओला कापूस आणि केक म्हणजे कोरडा कापूस, असा सगळा कारभार होऊन बसला. तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात. इथे राखणारा तळ्याच्या काठावर बसून होता आणि पाण्याची चवच त्याला उरली नव्हती.

मग त्याने एक युक्ती काढली. खानावळीत गेला की तो स्वयंपाकघराच्या दाराजवळची, धक्के खाणारी, कुणालाच नको असलेली जागा मागून घ्यायचा आणि परत आत जाणाऱ्या ताटांकडे बघत बसायचा. पावाने ताट पुसून घेतलेलं असलं, की जेवण उत्तम. माशाचे काटे कडेला नीट रचून ठेवलेले असले, म्हणजे माणूस सावकाश, आवडीने जेवला. भात नुसता इकडचा तिकडे केलेला असला तर बेताचं. आणि हातरुमालाखाली काही दडवून ठेवलेलं दिसलं, तर त्या जागेचं नावसुद्धा काढायचं नाही. ह्या आडाख्यावर त्याने अख्खी एक आवृत्ती काढली आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. उलट संपादिकाबाई म्हणाल्या, "ह्या वेळचं तुमचं लिखाण फार नेमकं झालंय हो."

त्याला लाज वाटायची का? वाटायची. पण ह्या वयात दुसरं काम कोण देणार, आणि लाजेचंही असं आहे, की ती रोज बरोबर घेऊन हिंडलं की हळूहळू अंगवळणी पडते.

चाखणकराने लग्न केलं नव्हतं. त्याचं घर म्हणावं असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे वहिनींची खानावळ. विधी महाविद्यालयाच्या मागच्या अरुंद गल्लीत ती होती. सात-आठ टेबलं, निळसर रंगवलेल्या भिंती आणि खिडकीत कुंड्या. दादाने, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाने, ती सुरू केली होती आणि पहिल्या आवृत्तीपासून ती पुस्तकात होती. नात्यातली खानावळ म्हणून कुणी बोट दाखवू नये, ह्यासाठी तो तिच्यावर मुद्दाम एक ओळ कमीच लिहायचा. वहिनी म्हणायच्या, "परक्यांना ताटभर आणि घरच्यांना चमचाभर. असंच असतं."

त्या स्वयंपाकघराची एक रीत होती. वहिनी रांधायच्या, पण स्वतः कधी चाखायच्या नाहीत. म्हणायच्या, "रांधणाऱ्याची जीभ आपल्याच हाताची बाजू घेते. तिची साक्ष काय कामाची?" दार उघडायच्या आधी दादा यायचा, प्रत्येक भांड्यातलं थोडं तळहातावर घ्यायचा, डोळे मिटून चाखायचा आणि काय कमी, काय जास्त ते सांगायचा. कित्येक वर्षं हे असंच चाललं. मग चाखणकराच्या त्या तापानंतर काही महिन्यांनी दादा एका दुपारी कुंड्यांना पाणी घालता घालता खाली बसला, तो उठलाच नाही.

त्यानंतर चाखायला कुणी उरलं नाही. वहिनींना रक्तदाब, त्यामुळे मीठ बंद. त्या स्वतःपुरती अळणी पेज वेगळी करून घ्यायच्या. ताटं उचलायला एक बाई होत्या, त्या आपला डबा घरून आणायच्या. आणि दर गुरुवारी दुपारी चाखणकर यायचा, दारापाशी बसायचा, पुढ्यात येईल ते खाली मान घालून संपवायचा आणि निघून जायचा. घरचं जेवण टाकायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात असायचं. त्याच्या तोंडात तेही इतर सगळ्यांसारखंच कापूस होतं.

पुढच्या आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा संपादिकाबाईंनी एक नवीन टूम काढली. "पहिल्या पानावर एकच जागा द्यायची," त्या म्हणाल्या. "ह्या शहरात एकच जेवण जेवायला वेळ असेल तर कुठे जेवावं? बस. फोटो मोठा, मजकूर छोटा. आणि शब्द तुमचा."

चाखणकर हो म्हणाला. हल्ली तो बहुतेक गोष्टींना हो म्हणायचा, नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं म्हणून.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी तो गेला, तेव्हा वहिनी आपणहून त्याच्या समोर येऊन बसल्या. हे त्या कधी करत नसत. जेवणाऱ्यांच्या वेळी त्या नेहमी खोलीच्या मधोमध, हात पदरात गुंडाळून उभ्या असायच्या, कुणाला काय हवं ते बघत.

"भाऊजी, परवा मुलगा येऊन गेला," त्या म्हणाल्या. "म्हणतो, आता पुरे कर. त्याच्या घरातली बागेकडची खोली रिकामी झालीय. मी जाणार असेन तर माझी, नाहीतर एका विद्यार्थ्याला भाड्याने देतोय. त्याचंही काही चुकत नाही, त्यालाही घर चालवायचंय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, थोडं थांब. भाऊजींना विचारून सांगते." त्यांनी टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा केला. "गिऱ्हाईक कमी झालंय, ते मला दिसतंय. का कमी झालंय ते कळत नाही. चौकात नवीन दुकानं झाली म्हणून, की माझा हात गेला म्हणून? हात गेला असेल तर मी आजच पाटी उतरवते. लोकांनी हसायच्या आत उतरवलेली बरी. आणि गेला नसेल, तर मला इथून उठायचं नाही. ह्या भिंती ह्यांनी रंगवल्यात, भाऊजी. दुसऱ्याच्या बागेकडे बघत बसायला मला अजून जमणार नाही."

"दुसऱ्याची कुठे, मुलाचीच की."

"ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही खरं काय ते सांगा. माझा तुमच्या जिभेवर विश्वास आहे."

सांगून टाकायची हीच वेळ होती, आणि ते चाखणकराला चांगलं कळतही होतं. पण मग वहिनींना कळणार, मुलाला कळणार, मुलाच्या बायकोच्या माहेरी कळणार, आणि झाकली मूठ उघडी पडायला ह्या एवढ्याशा शहरात किती वेळ लागणार? म्हणून त्याने आपल्या आडाख्यालाच विचारायचं ठरवलं. खिडकीजवळच्या टेबलावर रोजची म्हातारी मंडळी बसली होती, सगळे विद्यापीठातून निवृत्त झालेले. तर्कशास्त्राचे सर, खगोलाचे सर आणि आणखी दोघे. त्यांची ताटं आत चालली होती. चारही लख्ख. कालवणाचा थेंब नाही, पावाचा तुकडा नाही, जणू धुऊनच पाठवलेली. शहरातल्या एकाही खानावळीतून त्याने इतकी स्वच्छ ताटं परत जाताना पाहिली नव्हती. त्याने खात्रीसाठी दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं. तिथे एकटे बसणारे जुने ग्रंथपाल होते. त्यांचंही तसंच.

"वहिनी," तो म्हणाला, "हात कुठे जातोय तुमचा. आहे तिथेच आहे."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा गेल्यानंतर एवढं मोकळं हसताना त्याने त्यांना पाहिलं नव्हतं. त्या उठल्या आणि त्यांनी त्याला आणखी थोडं कालवण वाढलं, आणि त्याने तेही संपवलं. आपण एक चांगली गोष्ट केली असं त्याला मनापासून वाटलं. पहिलं पान वहिनींना द्यायचं हे त्याने घरी जाता जाताच ठरवून टाकलं. ह्या खेपेला ओळ कमी करायचीही गरज नव्हती, कारण त्याच्या मते हा न्याय होता, नात्याचा प्रश्नच नव्हता.

पुस्तक बाहेर आलं. पहिल्या पानावर निळी भिंत, खिडकीतल्या कुंड्या आणि खाली एकच ओळ: एकच जेवण जेवायचं असेल तर ह्या बाईंच्या हातचं जेवा. पुढच्या शनिवारी गल्लीत रांग लागली. चाखणकर गेला तेव्हा त्याची नेहमीची जागासुद्धा एका जोडप्याने धरली होती, म्हणून तो स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून मधोमध उभ्या होत्या. त्याला पाहून त्यांनी नुसती मान हलवली, त्यात सगळं आलं.

मग ताटं परत यायला लागली.

पहिलं ताट आलं त्यात दोनच घास कमी होते. दुसऱ्यात पाव खाल्लेला आणि कालवण तसंच. तिसऱ्यावर हातरुमाल पसरलेला. चाखणकराला वाटलं, घाईत असतील, पुढे घुमट बघायला जायचं असेल. पण ताटांमागून ताटं येत राहिली आणि सगळी भरलेली. ताटं उचलणाऱ्या बाई त्याच्याकडे न बघता ती कचऱ्याच्या डब्यात उपडी करत होत्या. त्यांना कसलंच आश्चर्य वाटत नव्हतं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

जवळच्या टेबलावर एक कुटुंब होतं. बापाने एक घास घेतला, बायकोकडे पाहिलं आणि पाण्याचा जग मागवला. तो संपला तसा दुसरा मागवला. त्यांची छोटी मुलगी म्हणाली, "आई, खारट आहे." आईने तिच्या पायाला चिमटा काढला आणि वहिनींकडे बघून म्हणाली, "खिडकी किती छान ठेवलीय तुम्ही."

गर्दी ओसरल्यावर वहिनी त्याच्याजवळ आल्या. लुगड्याचा काठ त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. "बाहेरच्या माणसांना आपलं कालवण झेपत नाही बहुतेक," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "नाही का हो, भाऊजी?"

"हो," तो म्हणाला. "बहुतेक तसंच असेल."

नंतरचे दिवस ह्याहून वाईट गेले. रांग आली तशी आटली. एके दुपारी तरुणांचा एक घोळका जेवण अर्धवट टाकून उठला. दारात उभं राहून त्यांच्यातल्या एकाने पुस्तक उघडलं, चाखणकराची ती ओळ नाटकातल्यासारखी मोठ्याने वाचली, आणि सगळे पोट धरधरून हसले. वहिनी तेव्हा खोलीच्या मधोमधच उभ्या होत्या. चाखणकर स्वयंपाकघराच्या दारापाशी होता. दोघांनीही ऐकलं, आणि दोघंही जिथल्या तिथे उभे राहिले.

तिथून तो तडक बागेत गेला. निवृत्त मंडळी दुपारची तिथे काचेच्या घराजवळच्या बाकांवर बसायची. त्या दिवशी एकटे तर्काचे सरच होते, टोपी डोळ्यांवर ओढून. चाखणकर शेजारी बसला. गुडघा ठणकत होता.

"सर, एक विचारू? वहिनींच्या जेवणात मीठ जास्त असतं का?"

सरांनी टोपी वर केली आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "हे तुम्ही मला विचारताय?"

"हो."

"जास्त म्हणजे किती जास्त असं विचारा. पहिल्या दिवशी वाटलं, चुकून झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. खगोलाचे सर म्हणाले, बाई दुःखात आहेत, आत्ता बोलू नका, महिनाभर जाऊ दे. महिना गेला आणि बोलायची वेळच निघून गेली. इतके दिवस खोटं खोटं मिटक्या मारल्या, आता एकदम काय सांगणार?"

"पण ताटं तर तुम्ही चाटूनपुसून पाठवता."

"मग काय करणार? त्या समोर उभ्या असतात ना. उभ्या माणसाच्या डोळ्यांदेखत टाकायचं कसं? मी डॉक्टरांकडून गोळी वाढवून घेतली. खगोलाचे सर पाव कालवणासकट रुमालात बांधतात आणि नदीवर बदकांना घालतात. बदकंसुद्धा आधी खळखळून धुतात आणि मग खातात."

"जाणंच का नाही सोडलंत? बाकीच्यांनी सोडलं."

"खाल्ल्या मिठाला जागलो म्हणा," सर म्हणाले. "आणि मीठ काही थोडं नव्हतं." त्यांना स्वतःलाच हसू आलं, पण ते टिकलं नाही. "मी सोडणार होतो. खरं सांगू? तुमच्यामुळे नाही सोडलं."

"माझ्यामुळे?"

"शहरातली सगळ्यात जाणती जीभ तुमची. तुम्ही दर गुरुवारी येता, खाली मान घालता, शेवटच्या थेंबापर्यंत संपवता आणि चकार शब्द काढत नाही. आम्ही म्हटलं, एवढा चवीचा माणूस वहिनीसाठी मुकाट्याने गिळतोय, आपण कोण तोंड वर करून बोलणारे? तुमच्या ताटाकडे बघून आम्ही जेवत होतो, चाखणकर."

चाखणकर समोरच्या काचेच्या घराकडे बघत राहिला. आत कुणीतरी कुंड्या हलवत होतं. "आणि मी तुमच्या ताटांकडे बघून लिहीत होतो," तो म्हणाला. मग त्याने तापाची, कापसाची, दाराजवळच्या जागेची सगळी गोष्ट सांगितली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो ती कुणाला सांगत होता, आणि सांगून हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट जास्तच दमायला झालं.

सरांनी ऐकून घेतलं. "ह्याला आमच्या शास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात," ते म्हणाले. "हा त्याच्या भरवशावर आणि तो ह्याच्या. पस्तीस वर्षं शिकवलं, पण असं उदाहरण हाताला लागलं नाही." त्यांनी टोपी पुन्हा खाली ओढली. "त्यांना सांगायला पाहिजे कुणीतरी."

"हो."

"मी सांगू?"

"नको," चाखणकर म्हणाला. "विचारलं होतं मला."

खानावळीत परत जाईपर्यंत दुपार कलली होती. दार अर्धं लोटलेलं होतं. ताटं उचलणाऱ्या बाई घरी गेल्या होत्या. वहिनी मोरीपाशी ताटांतलं उरलेलं निपटत होत्या. त्याने कोट काढून खुर्चीवर ठेवला.

"वहिनी, जरा बसता का?"

"बसून काय होणार? बोला तुम्ही."

"मीठ जास्त असतं."

त्यांचा हात थांबला. "आजच्या कालवणात?"

"रोजच्या. दादा गेल्यापासून."

वहिनी वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या काहीतरी जुळवत होत्या, ते त्याला दिसत होतं आणि त्याला पळून जावंसं वाटत होतं. "मग त्या दिवशी मी विचारलं तेव्हा?"

"मला चव कळत नाही, वहिनी. त्या तापापासून. काहीच कळत नाही. मी दुसऱ्यांची ताटं बघून सांगितलं."

"आणि ते सगळे?"

"ते माझं ताट बघत होते. आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

वहिनींनी हात पुसले आणि त्या टेबलाला टेकल्या.

"शेवटचं मीठ हेच घालायचे," त्या म्हणाल्या. "मी बेताचं घालून ठेवायची. हे चाखायचे आणि वरून आपल्या हाताने घालायचे. किती, ते मी कधी पाहिलंच नाही. हे गेल्यावर मला अंदाज येईना. ह्यांचा पंजा केवढा होता, तुम्हाला ठाऊक आहे. मी आपलं तेवढ्या हाताचं घालत गेले." त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "म्हटलं, चुकत असेल तर गुरुवारी भाऊजी सांगतीलच."

चाखणकराला रडू आवरेना. पन्नाशी उलटलेला माणूस, उष्ट्या ताटांच्या ढिगाशेजारी उभा राहून तो रडला. आपण आपलं काम वाचवायला ह्या बाईला भर गर्दीत उभं केलं, हे त्याला आता इतकं स्वच्छ दिसत होतं की दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

"तुमच्या जिभेचं मला काय करायचं होतं, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "जीभ काय, रस्त्यावरच्या कुणालाही बोलावून चाखायला दिलं असतं. मला वाटायचं, जगात एक माणूस उरलाय जो मला तोंडावर खरं सांगेल. बाकी काही नव्हतं त्यात."

तो मोरीपाशी गेला, बाह्या वर केल्या आणि ताटं विसळायला लागला. वहिनींनी त्याला अडवलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी फडताळावरचा फोन घेतला आणि मुलाला लावला. आवाज एकदम नेहमीचा केला.

"अरे, मी बोलतेय. ती बागेकडची खोली दिलीस का रे?... दिलीस. बरं झालं, रिकामी ठेवून काय करायचीय. किती दिवस राहणार म्हणतो तो?... वर्षभर का. चालेल की. मी बैठकीत झोपेन, मला कुठेही झोप लागते... हो, पाटी उतरवतेय. खरंच... नाही रे बाबा, कुणी काही बोललं नाही मला, लोक चांगले आहेत. तुझ्या काकांनी सांगितलं."

विसळता विसळता चाखणकराचे हात थांबले.

"आज आले, एक घास तोंडात घातला आणि म्हणाले, वहिनी, मीठ जास्त होतंय, आता थांबा," त्या सांगत होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "हो ना. दुसरं कुणी बोललं नसतं. आणि त्यांची जीभ कुठे फसते का?... ते पुस्तकातलं होय? ते आधी लिहून झालं होतं रे, तेव्हा ठीक होतं. त्यांना काही विचारू नकोस त्याबद्दल, आधीच मनाला लावून घेतलंय."

मग त्या पलीकडचं काहीतरी ऐकत राहिल्या, हं हं म्हणाल्या आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"घ्या. तुमचे आभार मानायचेत म्हणतोय."

चाखणकराने ओले हात विजारीला पुसले आणि फोन कानाला लावला.